करंजनेरची पट्टी

९ नोव्हेंबर १९६४, सोमवार. अमरावती

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. खुर्चीवर बसतो न बसतो तोच साहेबांचं बोलावणं आलं. आमचे डाक अधीक्षक उन्हाळ्यात पुण्याहून बदलून आले आहेत. रजिस्टरं वाचायचा त्यांना कंटाळा आहे आणि ते तसं उघड सांगतात. म्हणाले, "कमलाकांत, तुम्ही बी.एस्सी. ना? मग चाळीस शाखांची पावसाळ्यातली तीन महिन्यांची रजिस्टरं मला एका कागदावर काढून द्या. डाक कुठे वेळेवर पोचते, कुठे नाही, ते भिंतीकडे पाहिलं की कळलं पाहिजे."

मी म्हटलं, उभ्या पट्ट्या काढतो. जितके दिवस उशीर, तितकी पट्टी उंच.

कारकून होऊन सहा वर्षं झाली. कॉलेजात शिकलेलं इथे कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. घरी सांगितलं तर कुंदा म्हणाली, "म्हणजे आता कचेरीत चित्रं काढणार तुम्ही?" पण खूश झाली.

१४ नोव्हेंबर, शनिवार

आधी नियमपत्रक केलं. अकरा कलमं. नाक्यावर थैली उतरल्याची वेळ घ्यावी, शाखेत पोचल्याची वेळ घ्यावी, अंतर ठरल्यापेक्षा जास्त असेल तर एक खूण करावी, तिमाहीच्या खुणा मोजाव्यात, एका खुणेला ग्राफचा एक चौकोन. हे पत्रक घेऊन कोणीही बसलं तरी पट्टी तीच आली पाहिजे. म्हणून वर ठळक लिहिलं: 'कारकुनाने कलमांप्रमाणे जावे, स्वतःचा तर्क मध्ये आणू नये.' हे वाक्य मला फार आवडलं आहे.

सहाव्या कलमाशी अडलो होतो. काही रजिस्टरांत रकानेच्या रकाने कोरे आहेत. शेवटी लिहिलं, 'नोंद नसल्यास डाक उशिरा आली असे धरावे.' वेळेवर आणणारा माणूस नोंद कशाला चुकवील?

१७ नोव्हेंबर, मंगळवार

दर्यापूरकडच्या दोन शाखांत कोरे दिवस फार. शिरळखेडला वीसेक असतील, करंजनेरला तेवीस.

शिरळखेडचे शाखा पोस्टमास्तर म्हणजे शाळेचे धर्माधिकारी मास्तर. रजिस्टर इतकं नेटकं की मधल्या कोऱ्या जागा खटकतात. अशा माणसाकडून हयगय होणार नाही. त्यांना कार्ड टाकून खुलासा मागवला.

करंजनेरचे मास्तर जूनपासून अंथरुणावर आहेत. रजिस्टर नाक्यावरून थैली पायी आणणारा रनरच लिहितो, डोमाजी खंडारे नावाचा. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं. खुलासा मागायला तिथे कोणी नाही. सहावं कलम लावलं.

२५ नोव्हेंबर, बुधवार

मास्तरांचं उत्तर आलं. पावसाने रस्ता बंद होता, दर्यापूरहून मोटार सुटलीच नाही, थैली नाही म्हणून नोंद नाही. सरळ गोष्ट. ते दिवस वगळले. शिरळखेडची पट्टी पाच चौकोन.

आज सगळ्या पट्ट्या शाईने भरल्या. पंधरा दिवसांच्या आत उशीर असलेल्या निळ्या, त्यावरच्या लाल. लाल एकच निघाली, करंजनेरची. सत्तावीस चौकोन. कागदाच्या बाहेर जायला लागली म्हणून वर एक तुकडा खळीने डकवला. जोड दिसत नाही इतका सफाईने. पाच पाच पावलं मागे जाऊन पाहत होतो. दारातून आत येणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जाते.

३० नोव्हेंबर, सोमवार

चार्ट साहेबांच्या खुर्चीमागे लागला. साहेबांनी सगळ्या स्टाफला बोलावून दाखवला. माझं नाव घेतलं. एक प्रत नागपूरला वरच्या कचेरीत गेली.

मग पेन्सिलने करंजनेरवर टिचकी मारून म्हणाले, "याचं काय करायचं?" बोलण्यासारखं काय होतं? पट्टी समोर होती.

५ डिसेंबर, शनिवार

करंजनेरच्या रनरला कमी केल्याचा हुकूम निघाला. मसुदा माझ्याकडूनच करून घेतला. 'सोबतच्या आलेखावरून स्पष्ट होते की' असं वाक्य मी घातलं. साहेबांनी तेवढंच ठेवलं, बाकी छाटलं.

११ डिसेंबर, शुक्रवार

तो माणूस आज आला. डोमाजी. चाळिशी ओलांडलेला, उंच, पोटऱ्या दोरखंडासारख्या. करंजनेरहून नाक्यापर्यंत नऊ मैल चालत, मग दोन मोटारी बदलून. सकाळपासून व्हरांड्यात बसला होता. साहेब दौऱ्यावर, म्हणून शिपायाने त्याला माझ्याकडे पाठवलं. दाराच्या चौकटीशी उभा राहिला.

हुकूम त्याच्या हातात होता. म्हणाला, "यात आलेख म्हून लिवलं हाय. तो आलेख कोनता, तो पाहाचा हाय मले."

मी त्याला साहेबांच्या खोलीत नेलं आणि दाखवलं. तो बराच वेळ पाहत होता. मग त्याने लाल पट्टीकडे बोट केलं, पण कागदाला लावलं नाही.

"हा मी का?"

"ही तुझ्या लाईनीची पट्टी. सत्तावीस दिवस उशीर."

"एवढा उच्चा?" आणि मग, "साहेब, थे दिवस मोटारच नाही आली. मी नाक्यावर जाऊन बसलो, वाट पाह्यली, वापस आलो. थैलीच नाही तं मी आनू काय? अन् लिवू काय?"

मी म्हटलं, "असं लेखी आणून दे. मास्तरांच्या सहीने."

"मास्तर तं बिमार हायेत. हात हलत नाही त्यायचा."

"मग मी काय करणार?"

त्याने हुकुमाची घडी घातली. सोळा वर्षं या लाईनीवर आहे म्हणाला. नंतर पायऱ्या उतरून गेला. मी फाईलवर शेरा मारला: 'रनरचे म्हणणे पुराव्याविना.'

सगळेच असं सांगतात. तरी जेवताना नुसता भात चिवडत बसलो. कुंदाने विचारलं, काय झालं. सांगितलं. ती म्हणाली, "इतक्या दुरून आला होता, पाणी तरी विचारलंत का?" कचेरीत कोण कोणाला पाणी विचारतं.

२१ डिसेंबर, सोमवार. अकोला

नागपूरहून हुकूम आला की अकोल्याच्या कचेरीनेही असेच चार्ट काढावेत, आणि शिकवायला मी जावं. आठ दिवसांचा मुक्काम. येताना नमुना म्हणून नियमपत्रक, आमचा चार्ट आणि दर्यापूरकडच्या पाच शाखांच्या रजिस्टरांच्या नकला आणल्या.

शिकायला चौघे जण दिले आहेत. तीन पुरुष आणि एक बाई, ललिता तायडे. बावीस-तेवीस वर्षांच्या असतील. इंटर झालेल्या. फार बोलत नाहीत, पट्टी मात्र सुरेख आखतात. त्यांना पाचही शाखा स्वतः काढून बघायला सांगितल्या. माझ्या चार्टाशी जुळल्या की शिकून झालं.

२२ डिसेंबर, मंगळवार

आजचं सगळं लिहिणार आहे.

ललिताबाईंच्या चार पट्ट्या माझ्याशी तंतोतंत जुळल्या. पाचवी नाही. शिरळखेड माझ्याकडे पाच, त्यांच्याकडे अठ्ठावीस. मी हसून म्हटलं, "कुठेतरी चुकलात."

त्या म्हणाल्या, "मीही तेच समजले. तीनदा करून पाहिलं. सहावं कलम लावलं की अठ्ठावीसच येते."

मग मी समजावलं. तिथले मास्तर जबाबदार गृहस्थ आहेत, त्यांना पत्र लिहून विचारलं होतं, मोटार आली नव्हती.

"ते कलमांत नाही."

"नाही. तो माझा निर्णय."

त्यांनी दोन्ही नकला शेजारी शेजारी ठेवल्या, शिरळखेड आणि करंजनेर. एक बोट इकडे, एक तिकडे, असं करत तारखा खाली उतरवत गेल्या. शेवटी म्हणाल्या, "तेवीस अन् तेवीस. तारखा त्याच आहेत."

मी पाहिलं. त्याच होत्या. जुलैतले सहा, ऑगस्टमधले अकरा, सप्टेंबरातले सहा. एक तारीखसुद्धा इकडची तिकडे नाही. दोन्ही थैल्या दर्यापूरहून एकाच मोटारीत निघतात, हे मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

"मग करंजनेरला पत्र नाही पाठवलं?"

"तिथे मास्तर आजारी होते."

"रजिस्टर तर कोणी लिहीत होतं."

"रनर लिहीत होता."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काही विचारायचं होतं आणि त्यांनी ते विचारलं नाही. पेन्सिल उचलली आणि टोक करत बसल्या. बाकीचे तिघे आपापल्या कागदांत डोकं घालून होते. सगळ्यांनी ऐकलं होतं.

खरी पट्टी चार चौकोनांची. शिरळखेडपेक्षा एकाने कमी. चाळीस शाखांत डोमाजीच्या पुढे फक्त दोघे.

आणि तो हे माझ्यासमोर उभा राहून सांगून गेला होता.

२४ डिसेंबर, गुरुवार. अकोला

शिकवणं चालू आहे. फळ्याकडे तोंड केलं की बरं वाटतं.

मन सारखं सबबी शोधतं. काम घाईचं होतं. साहेबांनी हुकूम काढला, मी नाही. कलम सगळ्यांना सारखंच होतं. इथपर्यंत आलो की थांबतो, कारण सारखं नव्हतं. एकाला कार्ड टाकलं, एकाला नाही.

३० डिसेंबर, बुधवार. अमरावती

परत आलो. साहेबांना एकट्यात गाठून सगळं सांगितलं. दुरुस्त पट्टीही काढून नेली होती.

त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "चूक झाली, मान्य. पण चार्ट नागपूरला गेलाय, त्यांनी वाखाणलाय. आता एक पट्टी मागे घेतली तर उरलेल्या एकोणचाळिसांवर कोण विश्वास ठेवील? पुढच्या तिमाहीत सहावं कलम काढून टाका."

"आणि तो रनर?"

"त्या जागी माणूस लागला आहे. पुढे कुठे जागा निघाली तर बघू." मग म्हणाले, "तुमचं नाव मी नागपूरच्या जागेसाठी कळवलं आहे. हे लक्षात असू द्या."

मी 'बरं' म्हटलं आणि बाहेर आलो. खरं सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. आपण सांगितलं, आता ते साहेबांकडे. घरी येईपर्यंत हे सुटणं टिकलं. कुंदाने विचारलं, "मग त्याला घेणार ना परत?" मी म्हटलं, बघू म्हणालेत. ती कणीक मळत राहिली.

६ जानेवारी १९६५, बुधवार

ललिताबाईंचं पत्र आलं. चार ओळी. 'सहावे कलम मी वापरणार नाही. आमच्या साहेबांना तसे लेखी दिले आहे. कोऱ्या जागेबद्दल ज्याने रजिस्टर लिहिले त्यालाच विचारावे, असे नवे कलम सुचवले आहे. उदाहरण दिले आहे, पण त्यात आपले नाव घातलेले नाही.'

शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांनी मला झाकलं. नोकरीला लागून दोन वर्षंही न झालेली मुलगी स्वतःच्या साहेबांना लेखी देते आणि मला झाकते. त्यांनी नाव घातलं असतं तर कमी लागलं असतं.

१३ जानेवारी, बुधवार

करंजनेरकडचा एक शेतकरी तार करायला आला होता. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "डोमाजी? नवरा-बायको दोघंही परहाटीतला कापूस येचाले जातेत आता. पन लोकं त्याच्यावर शक घेऊन राह्यले ना. म्हन्तेत, सरकारनं काढलं म्हंजे टपालात काहीतरी गडबड केली असन. पोरीची सोयरीक जमली होती, पाव्हन्यायनं ना म्हटलं."

हे हुकुमात कुठेच नव्हतं. मी फक्त 'उशीर' लिहिलं होतं. लोकांनी त्याचा अर्थ चोरी असा लावला.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. घरी हळदीकुंकवाची गडबड, म्हणून मागच्या पडवीत बसून नागपूरला पत्र लिहिलं. साहेबांना वगळून, माझ्या नावाने, माझ्या सहीने. दोन्ही रजिस्टरांच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. धर्माधिकारी मास्तरांचं उत्तर जोडलं. चार चौकोनांची पट्टी जोडली. शेवटी लिहिलं, 'सदर रनरने ११ डिसेंबर रोजी मला समक्ष हेच सांगितले होते. मी ते पुराव्याविना म्हणून नोंदले. पुरावा माझ्याच टेबलावर होता.'

कुंदाला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "नोकरी जाईल?" मी म्हटलं, जाणार नाही, पण नागपूर गेलं. ती म्हणाली, "नागपूरचा उन्हाळा मला नाहीतरी सोसत नाही."

तिने गंमत म्हणून म्हटलं. मला हसू आलं नाही.

२५ जानेवारी, सोमवार

साहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. त्यांच्या पाठीमागची भिंत मोकळी होती, चार खिळे तेवढे होते. "माझ्या डोक्यावरून लिहिलंत," इतकंच म्हणाले. ठपक्याचा कागद दिला. उद्या सुट्टी. परवापासून पार्सलच्या खिडकीवर बसायचं आहे.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

नागपूरचा हुकूम आला. डोमाजी खंडारे यांना पूर्ववत घ्यावे, आधीचा हुकूम चुकीच्या माहितीवर होता असे नमूद करावे. प्रत गावच्या चावडीवर लावावी, अशी विनंती मी केली होती. तीही मान्य झाली आहे.

इथल्या सह्या होऊन तो टपालाने सोमवारी निघेल. पण मी रविवारी प्रत घेऊन स्वतः जाणार आहे.

२१ फेब्रुवारी, रविवार

नाक्यावर उतरून चालत गेलो. नऊ मैलांना साडेतीन तास लागले. जमीन आता वाळून भेगाळली आहे, तरी पाय भरून आले. पावसाळ्यात ही काळी माती पायाला धरते तेव्हा काय होत असेल याचा विचार चार्ट काढताना एकदाही मनात आला नव्हता.

गावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती. डोमाजी दारातच विळ्याला धार लावत होते. मला ओळखलं. उठून उभे राहिले, आणि मी म्हटलं, "बसा, बसा." त्यांची बायको केशरबाई आतून सतरंजी घेऊन आल्या, मग पाणी, मग चहा. घेतला. चहा घेतला हे इथे लिहून ठेवावंसं वाटलं, याचीच आता लाज वाटते आहे.

हुकूम त्यांच्या हातात दिला. मी वाचून दाखवणार होतो. पण त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि ओळीखाली बोट धरून स्वतः वाचायला सुरुवात केली. हळू, ओठ हलवत, एकही शब्द न सोडता. दोनदा वाचलं. केशरबाई चौकटीला टेकून त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"चुकीच्या माहितीवर," ते म्हणाले. "कोनाची चूक?"

"माझी."

मी सगळं सांगितलं. कोऱ्या जागा, सहावं कलम, शिरळखेडचं कार्ड, त्याच तारखा. माफी मागितली. शब्द नीट जमले नाहीत.

मग डोमाजी म्हणाले, "एक सांगा मले. शिरळखेडच्या मास्तरले तुमी पत्र लिवलं. मले काहून नाही लिवलं?"

मी कप खाली ठेवला.

"मले वाचता येते. दीक्षा घेतली त्या सालापासून शिकलो. रजिस्टर मीच लिवत होतो, तुमी पाह्यलंच. तुमचं पत्र आलं असतं तं माह्याच थैलीत आलं असतं. मीच आनलं असतं, मीच वाचलं असतं. दुसऱ्या दिवशी जबाब भेटला असता तुमाले."

केशरबाई म्हणाल्या, "जाऊ द्या आता. मानूस चालत आला एवढा."

"मी भांडून नाही राह्यलो," डोमाजी म्हणाले. "इच्यारून राह्यलो."

उत्तर माझ्याजवळ होतं. ते तोंडातून काढता आलं नाही. मोटारीची वेळ झाली असं सांगून उठलो. वेळ झालेली नव्हती. ते वेशीपर्यंत पोचवायला आले. उद्यापासूनच रुजू होतो म्हणाले. मुलीच्या सोयरिकीचं विचारलं, तर म्हणाले, "थे मोडली तं मोडली. चावडीवर कागद लागन तवा पाहू, कोन काय म्हन्ते."

२४ फेब्रुवारी, बुधवार

तीन दिवस एका कार्डावर अडलो आहे. पहिलं खराब केलं 'रा. रा.' लिहून, ते थट्टेसारखं दिसत होतं. दुसऱ्यावर नुसतं 'डोमाजी' लिहिलं आणि खाली तू लिहावं की तुम्ही, इथे हात थांबला. व्हरांड्यातून आत आलेल्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या माणसाला मी 'तू' म्हणालो होतो, हे तेव्हा माझ्या कानाला खटकलं नव्हतं. त्यांनी मला एकदाही तसं म्हटलं नाही.

आज दुपारी पार्सलच्या खिडकीवर गर्दी नव्हती. तिसरं कार्ड घेतलं आणि न थांबता लिहिलं:

'श्री. डोमाजी खंडारे यांस नमस्कार. आपण विचारलेत, मला पत्र का लिहिले नाही. आपल्याला विचारावे असे माझ्या मनातच आले नाही. शिरळखेडच्या मास्तरांबद्दल आले, आपल्याबद्दल आले नाही. याला दुसरे कारण नाही. रविवारी हे तोंडाने सांगता आले नाही. — कमलाकांत.'

कार्ड उघडं असतं. छाटणीच्या टेबलावर माझं अक्षर सगळे ओळखतात. पाकिटात घालावं असं मनात आलं, पाकीट हातात घेतलंही. मग परत ठेवलं आणि कार्ड तसंच पेटीत टाकलं.

उद्या ते दर्यापूरला पोचेल. परवा सकाळच्या मोटारीने नाक्यावर. तिथून पुढचे नऊ मैल डोमाजी स्वतःच ते घेऊन जातील.